गुपित ही कोणाची ठेव?

एखाद्या धर्मग्रामात संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा वर्षानुवर्षे काम करीत असते. तिचे दोघे सभासद संध्याकाळी गरजू कुटुंबाच्या घरी जातात, ओटीवर बसतात, ऐकून घेतात आणि घरी परतल्यावर ऐकलेले एका वहीत टिपून ठेवतात. कोणाच्या मुलाची दारू सुटत नाही, कोणाची सून माहेरी निघून गेली आहे, कोणाचे दागिने गहाण पडले आहेत, असे बरेच काही त्या वहीत असते. त्याच धर्मग्रामात महिला मंडळाचा वेगळा निधी असतो, शाळेची फीमाफी असते, मिशनच्या इस्पितळात गरीब रुग्णांसाठी सवलत असते. एके दिवशी सभेत कोणी सुज्ञ गृहस्थ सूचना मांडतात की, या चारही ठिकाणच्या याद्या एकत्र कराव्यात. म्हणजे एकाच घराला चार वेळा मदत आणि शेजारच्या घराला एकदाही नाही, असे होणार नाही. सूचना मंजूर व्हायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आम्हांस ही सूचना वाईट वाटत नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ती येथे विचाराला घेतली आहे. दुष्टाने दुसऱ्याचे गुपित फोडले तर त्याला काय म्हणावे, हे सांगायला नीतिशास्त्राची गरज नाही. अवघड प्रश्न असा आहे की, एका सज्जनाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने दुसऱ्या सज्जनाला, चांगल्या कामासाठी, सांगावी का? सांगायची तर किती? आणि हे सज्जन एकेकटी माणसे नसून संस्था असल्या, म्हणजे कार्यालये, मंडळे, शाळा, इस्पितळे असली, तर उत्तर बदलते का?

आपल्या ख्रिस्ती नीतिविचाराने गुपिताचे तीन प्रकार फार पूर्वीपासून मानले आहेत. पहिले स्वाभाविक गुपित. शेजाऱ्याची लाजिरवाणी गोष्ट आपल्या नजरेस सहज पडली, तर कोणी शपथ घातली नसली तरी ती पोटात ठेवायची. दुसरे वचनाचे गुपित. गोष्ट आधी कळली, मग 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द दिला. तिसरे सोपवलेले गुपित. येथे शब्द आधी असतो आणि गोष्ट नंतर येते. गुप्तता राखली जाईल या भरवशावरच माणूस तोंड उघडतो. वैद्य, वकील, समुपदेशक आणि व्हिन्सेंट डी पॉलचे ते दोघे सभासद या तिसऱ्या वर्गात येतात. या तिहींत त्याचे बंधन सर्वांत कडक मानले आहे, कारण ते मोडले तर एका माणसाचा विश्वास जातोच, शिवाय उद्या दुसरा कोणी गरजू दार उघडत नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही हीच भूमिका घेतली आहे. व्यवसायाच्या नात्याने कळलेले गुपित राखलेच पाहिजे. अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा ते राखल्याने सांगणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे किंवा तिसऱ्या कोणाचे फार गंभीर नुकसान होणार असेल आणि ते टाळण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसेल. या अपवादात 'कामाची सोय' बसत नाही, हे लक्षात घ्यावे. 'दुबार मदत टळेल' हेही बसवायचे तर बरीच ओढाताण करावी लागेल.

गुपित ही ठेव आहे, असे आपण म्हणतो. उपमा चांगली आहे. परंतु पतपेढीच्या ठेवीशी ती थोडीच जुळते. पतपेढी आपली ठेव दुसऱ्याला कर्जाऊ देते, आणि त्याबद्दल आपली तक्रार नसते, कारण मुदत संपताच पैसे परत मिळतात. गुपित मात्र कोणी परत करू शकत नाही. जे कळले ते कळले. एका वहीतून दुसऱ्या वहीत, दुसरीतून संगणकात, संगणकातून कोणाच्या तरी मोबाईलमध्ये गेलेली ओळ पुसायची म्हटले तरी किती ठिकाणी पुसणार?

यावर नेहमीचे उत्तर असे की, नावे काढून टाका. नाव नाही म्हणजे माणूस नाही, मग बाकीची माहिती खुशाल द्या. सरकारी खाती, विमा कंपन्या, संशोधन संस्था अनेक वर्षे याच समजुतीवर चालल्या. ती किती पोकळ आहे हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९७ च्या सुमारास उघड झाले. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा पाहणाऱ्या आयोगाने सुमारे १,३५,००० कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या उपचारांची माहिती अभ्यासकांना दिली होती. नावे, पत्ते काढलेले होते. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिन क्रमांक तेवढे ठेवले होते. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलर देऊन विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड हे केंब्रिजचे रहिवासी. १९९६ च्या मे महिन्यात एका पदवीदान समारंभात ते भोवळ येऊन पडले होते आणि त्यांना इस्पितळात नेल्याची बातमी सर्वांना ठाऊक होती. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार शहरात सहा निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिन क्रमांकाच्या भागात राहणारा एकच. गव्हर्नरसाहेबांचा आजार आणि औषधे असा सारा तपशील बाईंच्या हाती आला. पुढे त्यांनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला की, जन्मतारीख, लिंग आणि पिन क्रमांक या तीन गोष्टी मिळून अमेरिकेतील ८७ टक्के लोकांना वेगळे ओळखू देतात. नंतरच्या अभ्यासकाने हा आकडा ६३ टक्क्यांवर आणला. तोही काही थोडा नव्हे.

आता हेच आपल्या गावी आणून पाहू. आपल्याकडे तर जन्मतारखेचीही गरज पडत नाही. ख्रिस्ती वस्तीच्या गावात आडनावे मोजकी, ठेवायची नावे संतांची. एकाच नावाआडनावाचे चार-पाच जण एका धर्मग्रामात सहज सापडतात. पोस्टमनसुद्धा नावावरून घर शोधत नाही, तो विचारतो, 'कोणाच्या घरचा? विहिरीजवळचा की खाडीकडचा?' म्हणजे आपल्या गावांत नाव ही माणसाची सर्वांत कच्ची ओळख असते आणि त्याची हकीकत ही सर्वांत पक्की. 'विधवा, तीन मुली, पती आखातात वारले, थोरलीचे शिक्षण थांबले' एवढे लिहून वरचे नाव खोडले, तर लिहिणाऱ्याचे समाधान होईल. वाचणाऱ्यापैकी एकालाही शंका राहणार नाही. नाव खोडून आपण तिचे जे काही झाकले ते पंचक्रोशीत चौघांचे समान होते, आणि जे फक्त तिचे होते ते उघडे ठेवले.

संस्थेच्या हेतूवर भिस्त ठेवणारे आणखी एक गोष्ट विसरतात. वही लिहिणारा मरतो, बदलून जातो, वही राहते. तिचा उपयोग पुढे कोण, कशासाठी करील हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच घरातील आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझी सरकारने सरकारी नोकरांविषयीचा कायदा केला. ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी ज्यू असेल तो 'अनार्य' ठरणार होता आणि त्याची नोकरी जाणार होती. पुढे वकिली, वैद्यकी, विवाह, सर्वत्र हाच दाखला लागू लागला. प्रश्न असा होता की, आजी-आजोबांचा धर्म सिद्ध कसा करायचा? सर्व जर्मनीत जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्यांचा पुरावा बहुतेक ठिकाणी एकाच जागी होता, तो म्हणजे चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत. स्वतःचा, आईवडिलांचा आणि चारही आजी-आजोबांचा मिळून सात दाखल्यांसाठी लाखो लोक धर्मग्रामांच्या कार्यालयांसमोर उभे राहिले. कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही पंथांच्या कार्यालयांनी ते दाखले लिहून दिले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट काही नसावे. समोरच्या माणसाला नोकरी टिकवायला दाखला हवा आहे, तो वहीत आहे, तो द्यायचा, एवढेच. परंतु ज्याला दाखला मिळाला त्याच्याबरोबरच ज्याला मिळाला नाही तोही आपोआप वेगळा काढला गेला. देवाच्या मुलांत सामील झाल्याची खूण म्हणून शतकानुशतके लिहिलेली वही माणसांची प्रतवारी लावण्याचे हत्यार झाली, आणि त्यासाठी तिच्यातील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

नेदरलँड्समध्ये हेच सरकारी दप्तराच्या बाबतीत घडले. तेथील लोकसंख्येची नोंदपद्धती युरोपात नमुनेदार समजली जाई. तीत धर्माचाही रकाना असे. १९४० मध्ये जर्मन सैन्य आले, १९४१ च्या जानेवारीत ज्यू वंशाच्या सर्वांनी वेगळी नोंद करावी असा हुकूम निघाला, आणि पुढे अटकेच्या याद्या करायला वेळ लागला नाही. २६ जुलै १९४२ रोजी तेथील कॅथॉलिक बिशपांनी ज्यूंच्या छळाचा निषेध करणारे पत्र सर्व चर्चमधून वाचून दाखवले. आठवड्याभरात, २ ऑगस्टला, सूड म्हणून ज्यू वंशाच्या कॅथॉलिकांना घरांतून आणि मठांतून उचलण्यात आले. त्यांत एख्त येथील कार्मेल मठातील एडिथ स्टाईन होत्या. ९ ऑगस्टला आउश्वित्झ येथे त्यांचा अंत झाला. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले. २७ मार्च १९४३ च्या रात्री अ‍ॅमस्टरडॅममध्ये काही कलावंत आणि विद्यार्थी पोलिसांच्या वेषात नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ते पेटवून दिले. दप्तराचा थोडाच भाग नष्ट झाला. त्यांच्यापैकी बारा जणांना त्याच वर्षी १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. माणसे वाचवण्यासाठी माणसांची नोंद जाळावी लागावी, हे नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कारकुनाने, मग तो सरकारचा असो वा चर्चचा, एकदा तरी मनात घोळवावे असे आम्हांस वाटते.

जुन्या करारातही दावीद राजाने प्रजेची मोजदाद केली ती पाप ठरली आणि देशात रोगराई आली, अशी कथा शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. यवाबासारखा कठोर सेनापतीसुद्धा राजाला 'हे कशाला?' असे विचारतो. मोजण्यात पाप कसले, असे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रत्येकाला वाटलेले असते. भाष्यकारांनी त्याची नाना उत्तरे दिली आहेत. आम्हांस एवढेच दिसते की, माणसे देवाची आहेत आणि यादी राजाची होते, या फरकाची जाणीव त्या कथेत आहे.

मग गुपिताचे रक्षण म्हणजे ते उघड न करणे, एवढेच का? येथे ख्रिस्तसभेच्या कायद्यात एक फार सूक्ष्म भेद केलेला आढळतो. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे, हे आपण सारे जाणतो. १९८३ च्या कायदेसंहितेत ते ९८३ व्या कलमात आहे. त्याच्या पुढचे ९८४ वे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. ते सांगते की, पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा पश्चात्तापी माणसाला बाधक होईल असा उपयोगसुद्धा धर्मगुरूने करू नये, गोष्ट उघड होण्याचा लेशमात्र धोका नसला तरीही. शिवाय अधिकारपदावरील व्यक्तीने त्या माहितीच्या आधारे बाह्य कारभार चालवू नये. सांगणे आणि वापरणे असे दोन वेगळे अपराध येथे मानले आहेत.

संस्थांच्या व्यवहाराला हा भेद लावून पाहावा. समजा, एका पालकाने थोरल्या मुलाच्या फीमाफीसाठी शाळेला पत्र लिहिले, घरची सारी अडचण मांडली. शाळेने ते पत्र कोणाला दाखवले नाही, कपाटात कुलूपबंद ठेवले. दोन वर्षांनी धाकट्याच्या प्रवेशाच्या वेळी मात्र ते आठवणीने बाहेर काढले आणि 'ही मंडळी फी भरणार नाहीत' म्हणून प्रवेश नाकारला. काही उघड झाले का? एक शब्दही नाही. विश्वासघात झाला का? आम्हांस वाटते, पूर्णपणे झाला. मदत मागण्यासाठी सांगितलेली गोष्ट मागणाऱ्याविरुद्ध वापरली गेली. आज विमा देताना, कर्ज देताना, नोकरीवर घेताना यंत्रे हेच करतात. ती कोणाचे गुपित कोणाला सांगत नाहीत, निकाल तेवढा देतात. 'आम्ही माहिती कोणालाही उघड करीत नाही' हे छापील आश्वासन वाचून आपण निर्धास्त होतो. 'माझ्याविरुद्ध वापरणार आहात काय' असे कोणी विचारत नाही.

अर्थात पापनिवेदनाची मोहोर आणि इतर गुपिते यांत अंतर आहे. पहिली कशासाठीही मोडता येत नाही. इतरांच्या बाबतीत मोडण्याचे प्रसंग येतात आणि ते टाळणे हाही अपराध होऊ शकतो. १९९८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर असा खटला आला. निकालपत्रात अर्जदाराला 'एक्स' आणि इस्पितळाला 'झेड' एवढेच म्हटले आहे. रक्ततपासणीत एका माणसाला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे इस्पितळाला कळले. ती गोष्ट बाहेर गेली, त्याचा ठरलेला विवाह मोडला आणि समाजाने त्याला वाळीत टाकले. त्याने इस्पितळावर दावा केला. न्यायालय म्हणाले, गोपनीयतेचा हक्क निरंकुश नाही. वाग्दत्त वधूच्या जीविताचा हक्क येथे वरचढ आहे. पुढे २००२ मध्ये न्यायालयाने विवाहाच्या हक्काबद्दलची आपलीच काही विधाने अनावश्यक होती असे स्पष्ट केले. वधूला सावध करण्याचा मुद्दा मात्र कायम राहिला.

आमचे मत विचाराल तर वधूला कळणे योग्यच होते. तिच्या प्राणाशी गाठ होती. परंतु गावाला कळण्याचे कारण काय होते? न्यायालयाने वधूचा हक्क आणि वराचा हक्क तराजूत टाकले. समाजाचा हक्क तराजूत नव्हताच, आणि माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त केले ते समाजाने. २०१७ सालच्या एच.आय.व्ही. विषयक कायद्याने ही फट बरीचशी बुजवली आहे. जोडीदाराला सांगायचे तर कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि समुपदेशनासह कसे सांगावे, हे त्यात घालून दिले आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांबाबतचा २०१२ चा कायदा तर दोन्ही टोके एकत्र धरतो. ज्याला असा गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, आणि त्या मुलाची ओळख मात्र जगापासून झाकलीच पाहिजे.

या ठिकाणी ख्रिस्तसभेने स्वतःविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक देशांत अशा अत्याचारांची प्रकरणे 'गुप्तते'च्या नावाखाली दाबली गेली, आणि ती गुप्तता मुलांच्या रक्षणासाठी नसून संस्थेच्या अब्रूसाठी होती. १७ डिसेंबर २०१९ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी या प्रकरणांवरील 'परमगुरूंची गुप्तता' उठवली. कागदपत्रे मुलकी अधिकाऱ्यांना देण्यास ती यापुढे आड येणार नाही. पीडितांची व साक्षीदारांची अब्रू आणि खासगी बाबी मात्र जपल्या जातील. संस्थेला अब्रू असते, हे खरे. पण गुपिताचा विचार आपण केला तो दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी. बळकटाने तोच शब्द ढालीसारखा धरला की त्याचा अर्थ उलटतो.

संत योसेफाचे उदाहरण या संदर्भात आम्हांस नेहमी आठवते. मरियेविषयी त्याला जे कळले, किंवा कळले असे वाटले, त्यावर काही तरी करणे त्याला भाग होते. तो नीतिमान होता, म्हणून डोळेझाक करणार नव्हता. तिची बदनामी होऊ नये, म्हणून जे करायचे ते गाजावाजा न करता करण्याचे त्याने ठरवले. मत्तयच्या शुभवर्तमानात हे सारे एका वाक्यात आले आहे. स्वप्नात देवदूत आला तो नंतर. योसेफाचे सौजन्य त्याच्याआधीचे आहे.

आता त्या सभेतील सुज्ञ गृहस्थांकडे पुन्हा वळू. त्यांना आम्ही आधी एक प्रश्न विचारू : तुम्हाला नावे हवी आहेत की आकडा? पुष्कळदा आकडा पुरतो, आणि आकडा कोणाचेही गुपित न उघडता काढता येतो. समजा, पाच संस्थांना मिळून किती घरांना मदत दिली जाते हे जाणायचे आहे, पण कोणीही आपला आकडा दुसऱ्याला सांगू इच्छित नाही. पहिल्या संस्थेने मनात एक गुप्त संख्या धरावी, ४,३१७. तीत आपली २३ घरे मिळवून फक्त ४,३४० ही बेरीज दुसरीच्या कानात सांगावी. दुसरीने आपली ४१ मिळवून ४,३८१ तिसरीला, तिसरीने ९ मिळवून ४,३९० चौथीला, चौथीने ३० मिळवून ४,४२० पाचवीला, पाचवीने १७ मिळवून ४,४३७ पुन्हा पहिलीला सांगावेत. पहिलीने मनातली संख्या वजा केली की १२० हे खरे उत्तर आले, आणि कोणाचा वेगळा आकडा कोणालाच कळला नाही. (दुसरी आणि चौथी संस्था नंतर चहाला भेटल्या तर तिसरीचे ९ उघडे पडतात, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल, गणितज्ञांनी त्याचाही बंदोबस्त शोधला आहे.) या विचाराला शास्त्रीय पाया १९८२ मध्ये अँड्र्यू याओ यांनी घातला. २००८ च्या जानेवारीत डेन्मार्कमधील बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या साखर कंपनीबरोबरच्या करारांचा बाजारभाव याच जातीच्या पद्धतीने ठरवला. कोणता शेतकरी किती भावाला तयार आहे, हे कंपनीला कळले तर त्याची आर्थिक नाडी तिच्या हाती जाईल, ही त्यांची भीती होती. साखर कारखान्यांच्या या महाराष्ट्रात ती भीती समजावून सांगावी लागू नये.

लाजेच्या प्रश्नांसाठीही अशीच युक्ती आहे. तिचे मूळ १९६५ सालच्या स्टॅन्ली वॉर्नर यांच्या लेखात आहे. तिचे एक सोपे रूप असे. 'तुम्ही सावकाराकडून कर्ज काढले आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी प्रत्येकाने एकांतात नाणे उडवावे. छापा पडला तर खरेखोटे न पाहता 'होय' म्हणावे, काटा पडला तर खरे उत्तर द्यावे. दोनशे लोकांत सुमारे शंभर 'होय' नाण्याचे असतील. एकूण १३० 'होय' आले, तर उरलेल्या शंभरांपैकी सुमारे तीस जण खरोखर कर्जात आहेत. गावाची स्थिती कळली, आणि कोणा एकाच्या 'होय'कडे बोट दाखवता येत नाही. २००६ साली सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेऊन एक कसोटी दिली : अमुक माणूस यादीत असला काय आणि नसला काय, बाहेर पडणाऱ्या उत्तरात जवळजवळ फरक पडता कामा नये. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेचे आकडे या कसोटीला धरून प्रसिद्ध झाले.

परंतु काही कामांना नावेच लागतात, तेथे गणित थांबते. तेथे त्या माणसाला विचारावे, असे सारे कायदे सांगतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्यात संमतीला मोठे स्थान आहे. आमची शंका वेगळी आहे. ज्याच्या घरी उद्याच्या औषधाचे पैसे नाहीत, त्याच्यापुढे संमतीचा कागद ठेवला तर तो सही करणार नाही तर काय करील? देणाऱ्याच्या हाताला नको कोण म्हणतो? तेव्हा विचारावे ते मदत दिल्यानंतर, आणि 'नाही' म्हटल्यास मदत थांबणार नाही हे आधी सांगून. असे विचारणारी संस्था आमच्या पाहण्यात अजून यायची आहे.

हा कायदा संगणकातील माहितीपुरता आहे. कागदावरची वही कपाटात असेतोवर त्याच्या कक्षेत येत नाही. परंतु वहीची छायाचित्रे घेऊन ती संगणकात घालण्याचे काम ठिकठिकाणी निघाले आहे किंवा निघेल. परदेशी स्थायिक झालेल्यांना पणजोबांची नोंद हवी असते, दाखले लवकर निघावेत असे कार्यालयाला वाटते, आणि जुना कागद वाळवीच्या तोंडी जातो आहे. कारणे सारी रास्त आहेत. वंशावळींचा जगभर संग्रह करणाऱ्या युटा येथील मॉर्मन पंथाच्या संस्थेला धर्मग्रामांच्या नोंदवह्यांच्या प्रती देऊ नयेत, असे रोमने २००८ साली सर्व धर्मप्रांतांना कळवले होते. त्या नोंदींच्या आधारे मृतांना त्यांच्या पश्चात त्या पंथाचा स्नानसंस्कार दिला जातो, हे त्याचे कारण. म्हणजे मेलेल्यांच्या नावाचीही राखण करणे हे आपले काम आहे, असे ख्रिस्तसभा मानते.

त्या वहीत एक रकाना असा आहे की, तिकडे संगणकाचे काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे. अविवाहित मातेच्या बालकाची नोंद कशी करावी हे ८७७ व्या कलमात सांगितले आहे. तिचे मातृत्व सर्वांना माहीत असेल, किंवा तिने स्वतः लेखी वा दोन साक्षीदारांसमोर इच्छा व्यक्त केली असेल, तर तिचे नाव लिहावे. पित्याच्या नावालाही सबळ पुरावा किंवा त्याची स्वतःची कबुली लागते. एरवी बालकाचे नाव लिहावे आणि आईबापांच्या नावाची जागा मोकळी सोडावी. जुन्या वहीत अशा मोकळ्या जागा असतात. पान उलटताना त्या डोळ्यांत भरत नाहीत. संगणकावर मात्र 'वडिलांचे नाव' हा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, अशी रचना सर्रास असते, आणि मोकळे रकाने शोधून काढायचे म्हटले तर ते एका क्षणात रांगेने समोर येतात. धर्मग्रामाच्या ज्या समितीकडे हे काम येईल, तिने वह्या छायाचित्रकाराच्या हाती देण्याआधी या जागांचे काय करायचे ते ठरवून घ्यावे.